न्हाव्यापाशी बंगाली

परकी भाषा शिकायची म्हटली की पुस्तक कोणते घ्यावे, याची आपण पुष्कळ चौकशी करतो. ती बोलायची कुणाशी, हे कुणी विचारीत नाही. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे १९१० सालचे पुस्तक मी पुन्हा वाचले, ते याच दृष्टीने.

१८७३ साली लग्न होऊन त्या माधवरावांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांचे शिक्षण काहीच झालेले नव्हते. माधवरावांनी आधी मराठी शिकवले, मग इंग्रजी. नाशिकच्या बिऱ्हाडी ते सुखाने चालले. पुण्याच्या घरात मात्र सासू-नणंदा आणि आप्त बायकांचा मोठा गोतावळा. शिकवायला मडम येऊ लागली, तसे टोमणे सुरू झाले, सोवळ्याओवळ्याचे प्रश्न निघाले. इंग्रजी शिकून होत होते. पण ते ऐकून संतोष पावणारे माणूस घरात एकच! पुण्यात मुलींचे हायस्कूल १८८४ साली निघाले. त्याच्या खटपटीसाठी भरलेल्या सभेत रमाबाईंनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतला मजकूर वाचून दाखवला. भरसभेत धीर सुटला नाही. बोलणी खावी लागली ती घरी आल्यावर. परक्या साहेबापेक्षा माजघराचा धाक मोठा, हे आमच्या आज्यांना सांगायला नकोच होते.

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला. तिथे चार समानशील बायका भेटत. या चारजणींची किंमत मला दहा व्याकरणांहून अधिक वाटते.

आता दुसरी बाजू पाहा. १८८६ साली सरकारी कमिटीच्या कामासाठी माधवराव कलकत्त्यास राहिले. तिथे त्यांनी बंगाली पुस्तके आणवली, आणि हजामत करायला येणाऱ्या न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारू लागले. रमाबाईंनी थट्टा केली, तर त्यांनी दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. थोर मन खरेच. पण एक गोष्ट विसरता कामा नये. न्यायाधीशाने न्हाव्याला शब्द विचारला तर जग कौतुक करते. सुनेने मडमेला विचारला तर तिला माजघरात उत्तर द्यावे लागते.

त्याच बिऱ्हाडात माधवरावांनी रमाबाईंनाही बंगाली शिकवले. पुण्याचे माजघर तिथून फार लांब होते.