स्नूप घराण्याची कुळकथा

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकासल विद्यापीठात २००० साली एका सामाईक सर्व्हरची डिस्क रखडू लागली. संशय एका संशोधकाच्या बॅच जॉबवर होता. संशोधकाचं म्हणणं रास्त होतं: माझ्यामुळेच हे होतंय हे दाखवा, मग जॉब दुसरीकडे हलवतो. तिथले सिस्टिम अ‍ॅडमिन ब्रेंडन ग्रेग यांच्यापाशी ते दाखवायला काहीच नव्हतं. ‘आयओस्टॅट’ ही आज्ञा डिस्क किती गुंतली आहे ते सांगत होती, कोणामुळे गुंतली ते सांगत नव्हती. शेवटी एक आडवाट निघाली. त्या प्रोसेसला सिग्नल पाठवून थोडा वेळ थांबवायचं, डिस्कचा आकडा खाली येतो का ते बघायचं, मग प्रोसेस पुन्हा चालू करायची. आज जगभरच्या सर्व्हरांवर चालणाऱ्या ‘आयओस्नूप’, ‘एक्झेकस्नूप’, ‘ओपनस्नूप’ या छोट्या स्क्रिप्टांच्या घराण्याचं मूळ या प्रसंगात आहे.

त्या काळी साधनं नव्हती असं नाही. ‘व्हीएमस्टॅट’, ‘आयओस्टॅट’ संपूर्ण यंत्राची बेरीज सांगत. ‘टॉप’ ठरावीक सेकंदांनी एकदा डोकावून यादी छापत असे. एकाच प्रोग्रामचा वेळ कोणत्या फंक्शनात जातो हे सांगणारा ‘जीप्रॉफ’ बर्कलीच्या सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल मक्युसिक यांनी १९८२ मध्ये मांडला होता. पॉल क्रानेनबर्ग यांनी १९९१ मध्ये सनओएससाठी लिहिलेला ‘एसट्रेस’ पुढे लिनक्सवर आला आणि आजही कामाला येतो. पण तो हाती धरलेल्या प्रोसेसला प्रत्येक सिस्टिम कॉलपाशी थांबवतो. गर्दीच्या वेळी चालत्या बँकेच्या सर्व्हरवर तो लावायला कुणी धजत नाही. शिवाय कोणत्या प्रोसेसवर लावायचा हे आधी ठाऊक असावं लागतं, आणि अडचण नेमकी तिथेच असते.

ग्रेग यांना वाट दिसली ती एड्रियन कॉकक्रॉफ्ट यांच्या सन कंपनीच्या यंत्रांच्या कामगिरीवरच्या पुस्तकात. सनच्या सोलॅरिस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘टीएनएफ’ नावाची, घटनांची नोंद ठेवणारी सोय होती. तिच्या आधारे त्यांनी डिसेंबर २००३ मध्ये ‘पीएसआयओ’ लिहिला. कोणत्या प्रोसेसने डिस्कवर किती काम लावलं हे तो सांगत असे. तीन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. आणि त्याच महिन्यात सनची डीट्रेस ही नवी व्यवस्था चाचणी आवृत्तीत लोकांच्या हाती आली.

डीट्रेस ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि अ‍ॅडम लेव्हेन्थल या तिघांची. चालत्या कर्नलमध्ये हजारो ठिकाणी, जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या प्रवेशाला आणि बाहेर पडण्याला, ‘प्रोब’ लावता येतो. लावलेला नसताना त्याचा भार शून्य, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याची गरज नाही. प्रोब लागल्यावर काय करायचं ते ‘डी’ नावाच्या लहानशा भाषेत लिहायचं. तिची घडण ऑक आणि सी या भाषांवरून घेतलेली आहे: कुठे पाहायचं, कोणत्या अटीवर पाहायचं, काय करायचं. भाषेत लूप नाही, कारण कर्नलच्या पोटात न संपणारा लूप फिरला तर यंत्रच अडकेल. निर्मात्यांनी चालत्या यंत्राच्या सुरक्षिततेशी तडजोड केली नाही, आणि माझ्या मते पुढचं सगळं या एका निर्णयामुळे शक्य झालं.

२००४ च्या युसेनिक्स परिषदेतल्या त्यांच्या निबंधात सनमधल्याच एका सर्व्हरची हकिकत आहे. शंभराहून अधिक लोक आपापल्या टर्मिनलवरून त्यावर काम करत होते आणि प्रोसेसर एकमेकांना विनाकारण हाका मारताना दिसत होते. या हाकांना क्रॉस-कॉल म्हणतात. माग काढत गेल्यावर कळलं की पडदे रंगवणारे एक्स सर्व्हर मेमरीचे तुकडे सतत जोडत आणि सोडत आहेत. एक्स सर्व्हरांना हे करायला कोण लावतंय हे शोधलं, तेव्हा काही मोजक्या लोकांच्या पडद्यावर शेअरचे भाव सरकवत दाखवणारा एक चिमुकला प्रोग्राम सापडला. दहा-वीस ओळींच्या प्रश्नांच्या साखळीने कर्नलपासून थेट शेअरच्या भावापर्यंत पोचता येतं, हे या हकिकतीने दाखवलं.

डीट्रेस हाती येताच ग्रेग यांनी १२ मार्च २००४ रोजी आपला डिस्कवाला प्रोग्राम ‘आयओस्नूप’ म्हणून नव्याने लिहिला. २४ मार्चला ‘एक्झेकस्नूप’ आला, ९ मे रोजी ‘ओपनस्नूप’.

एक्झेकस्नूपची गरज फार व्यवहारी होती. काही सर्व्हरांवर प्रोसेसर तापलेला असतो आणि ‘टॉप’मध्ये मात्र दोषी कोणी दिसत नाही. एखादी शेल स्क्रिप्ट सेकंदाला कितीतरी प्रोसेस जन्माला घालत असते. प्रत्येक प्रोसेस काही मिलिसेकंद जगून संपते, आणि ‘टॉप’ पुन्हा डोकावतो तेव्हा ती हयात नसते. याआधी ग्रेग प्रोसेस अकाउंटिंगच्या किंवा ऑडिटच्या नोंदींतून अशा अल्पायुषी प्रोसेस उकरून काढत. पण अकाउंटिंगच्या नोंदीत नाव आठ अक्षरांत कापलेलं येई. एक्झेकस्नूप नवी प्रोसेस सुरू होते त्याच क्षणी तिचं नाव आणि तिला दिलेले पॅरामीटर छापतो. आधी कोणती खास सोय चालू करून ठेवायला लागत नाही.

ओपनस्नूपचं काम त्याहून साधं: कोणती प्रोसेस कोणती फाइल उघडू पाहते, आणि ती उघडली का. एखादा प्रोग्राम आपली कॉन्फिगरेशन फाइल नेमकी कुठे शोधतो हे मॅन्युअलमध्ये मिळत नाही तेव्हा ओपनस्नूप लावून तो प्रोग्राम सुरू करायचा. न सापडलेल्या मार्गांची रांग समोर येते आणि उत्तर मिळतं.

स्क्रिप्टच्या पोटात डोकावलं तर एक बारीक युक्ती दिसते. फाइल उघडण्याचा कॉल सुरू होतो तेव्हा स्क्रिप्ट फाइलचं नाव वाचत नाही. नाव मेमरीत ज्या पत्त्यावर आहे तो पत्ता तेवढा त्या थ्रेडच्या नावाने जपून ठेवते आणि कॉल परतताना त्या पत्त्यावरून नाव वाचते. कारण सुरुवातीला ते पान प्रत्यक्ष मेमरीत आलेलं नसू शकतं, आणि ते आणवण्याची मुभा प्रोबला नाही. कर्नलने आपलं काम उरकलं की पान आलेलं असतं. शिवाय कॉल यशस्वी झाला की फसला हेही तोवर कळलेलं असतं. डीमध्ये यासाठी थ्रेडपुरता व्हेरिएबल वापरला गेला. पुढे लिनक्सच्या बीपीएफ या सोयीत तेच काम थ्रेडच्या क्रमांकाने लावलेल्या तक्त्याने केलं. माध्यम बदललं तरी ही चाल टिकली.

२००५ पासून या स्क्रिप्टा ‘डीट्रेस टूलकिट’ या नावाने एकत्र निघू लागल्या आणि त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. या टूलकिटचं मोठेपण मला स्क्रिप्टांच्या संख्येपेक्षा त्याच्या रचनेत दिसतं. प्रोसेसर, डिस्क, मेमरी, नेटवर्क असे विषयवार फोल्डर. प्रत्येक स्क्रिप्टला मॅन्युअलचं पान. जिथे आकडा फसवू शकतो तिथे टिपण. आणि ‘एक्झाम्पल्स’ नावाचा वेगळा फोल्डर, ज्यात स्क्रिप्टागणिक एक साधी मजकुराची फाइल. तिची सुरुवात ठरलेली: हे अमुक प्रोग्रामचं प्रात्यक्षिक. मग खऱ्या यंत्रावर चालवून मिळालेलं आउटपुट, आणि त्याखाली दोन-चार वाक्यांत त्याचा अर्थ: हा स्तंभ म्हणजे काय, ही ओळ विचित्र का वाटते, इथे काय संशय घ्यायचा.

सनच्या स्वतःच्या मार्गदर्शक पुस्तकातही उदाहरणं भरपूर होती आणि सोलॅरिसमध्ये ती एका डेमो फोल्डरात मिळतही. पण ती भाषा शिकवण्यासाठी होती. टूलकिटमधली उदाहरणं पाहायला शिकवतात. रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळल्यावर जागा झालेला माणूस डी भाषा शिकत बसत नाही. तो समोरच्या आउटपुटशी नमुन्याचं आउटपुट ताडून पाहतो. अशा माणसाचा विचार करून कोणी शांतपणे दोनशेवर पानं लिहून ठेवावीत, ही मला या विद्येतली सर्वांत उदार कृती वाटते.

स्क्रिप्टा पसरल्या त्या या जोरावर. २००७ मध्ये अ‍ॅपलने मॅक ओएस टेन लेपर्डमध्ये डीट्रेस घेतला तेव्हा ओपनस्नूप, एक्झेकस्नूप, आयओस्नूपही आज्ञा म्हणून सोबत आले. २०१५ मध्ये मॅकच्या एल कॅपिटन आवृत्तीतल्या संरक्षक कुंपणाने त्यांचा संचार बराच आवळला. फ्रीबीएसडीत डीट्रेस २००९ च्या आरंभी ७.१ आवृत्तीतून पोचला.

लिनक्समध्ये मात्र वाट अडली. सनने डीट्रेस खुला केला तो सीडीडीएल परवान्याखाली, आणि तो परवाना कर्नलच्या जीपीएलशी जुळत नव्हता. ओरॅकलने तो जीपीएलखाली आणला तेव्हा २०१८ उजाडलं होतं. मधल्या काळात लिनक्सने स्वतःची हत्यारं घडवली. कर्नलच्या आत प्रोब लावू देणारे, आयबीएमच्या कामातून निघालेले केप्रोब २००४ मध्ये कर्नलमध्ये आले. २००५ मध्ये रेड हॅट, आयबीएम, इंटेल आणि हिताची यांनी सिस्टमटॅप सुरू केला. तो स्क्रिप्टचं रूपांतर सीमध्ये करून कर्नल मॉड्यूल बनवतो, आणि त्याच्यासोबतही उदाहरणांचा मोठा फोल्डर येतो. अ‍ॅप्लिकेशनच्या आत प्रोब लावू देणारे यूप्रोब २०१२ मध्ये कर्नलच्या ३.५ आवृत्तीत आले. त्यांचं मुख्य काम आयबीएमच्या भारतातल्या श्रीकर द्रोणमराजू यांनी पाठपुरावा करून तडीस नेलं.

ग्रेग २०१४ मध्ये नेटफ्लिक्समध्ये गेले आणि समोर लिनक्स आलं. हाती होती कर्नलमधलीच एफट्रेस ही माग काढणारी सोय. तिच्यावर त्यांनी तीच तिन्ही नावं शेल स्क्रिप्टांत पुन्हा लिहिली. मग बीपीएफ आला. १९९२ मध्ये स्टीव्हन मकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत नेटवर्कची पाकिटं गाळण्यासाठी हे लहानसं आभासी यंत्र बनवलं होतं. अलेक्सेई स्टारोव्हॉइटोव्ह यांनी त्याचा कायापालट केला आणि २०१५ मध्ये कर्नलच्या ४.१ आवृत्तीपासून ते केप्रोबला जोडता येऊ लागलं. बीपीएफचा प्रोग्राम कर्नलमध्ये शिरण्याआधी ‘व्हेरिफायर’ त्याची प्रत्येक वाट तपासतो. सुरक्षिततेचा डीट्रेसमधला हट्ट इथे वेगळ्या मार्गाने आला. १७ सप्टेंबर २०१५ रोजी ओपनस्नूप बीसीसी या संचासाठी लिहिला गेला. ८ सप्टेंबर २०१८ रोजी अ‍ॅलिस्टर रॉबर्टसन यांच्या बीपीएफट्रेस या साधनात त्याचा आणखी एक अवतार निघाला. हाताखालचं यंत्र तीन वेळा बदललं, पण प्रोसेस क्रमांक, प्रोग्रामचं नाव, फाइलचा क्रमांक आणि मार्ग हे स्तंभ थोड्याफार फरकाने तेच राहिले. बीसीसीत प्रत्येक टूलशेजारी उदाहरणाची मजकूर-फाइल आहे, आणि तिची पहिली ओळ आजही प्रात्यक्षिकाची आहे.

या घराण्याची दुसरी शाखा प्रोफायलिंगची. टूलकिटमधला ‘हॉटकर्नल’ सेकंदाला १००१ वेळा प्रोसेसर काय करतोय ते टिपून घेई. आज सर्रास ९९ हर्ट्‌झ वापरतात. गोल आकडा टाळायचा, कारण कर्नलमधली कामं बहुधा सेकंदाला शंभर वेळा अशा गोल तालात चालतात आणि नोंद त्याच तालात पडली तर चित्र खोटं निघतं. डिसेंबर २०११ मध्ये जॉयंट कंपनीत मायएसक्यूएलचा एक तिढा सोडवताना ग्रेग यांच्यापुढे अशा नोंदींच्या पाच लाखांहून अधिक ओळी आल्या. त्या वाचणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. नीलकंठ नाडगीर यांचा फंक्शनांचे प्रवेश-निर्गम वेळेनुसार रेखाटणारा प्रोग्राम त्यांनी पाहिला होता. ग्रेग यांनी आडव्या अक्षावरून वेळ काढून टाकला, फंक्शनं अक्षरक्रमाने लावली, सारखी होती ती एकत्र केली, आणि ‘फ्लेम ग्राफ’ हे चित्र तयार झालं.

तुमच्याकडे लिनक्स यंत्र असेल तर बीसीसी किंवा बीपीएफट्रेस बसवून घ्या आणि एखादी अडचण नसताना, निवांत वेळी, ओपनस्नूप पाच मिनिटं चालवून पाहा. मग त्याच्या शेजारची उदाहरणाची फाइल वाचा आणि शेवटी स्क्रिप्ट उघडा, याच क्रमाने. आणि तुम्ही स्वतः असं एखादं टूल लिहिलंत तर त्याच्याजवळ खऱ्या यंत्रावरचं एक आउटपुट आणि त्याचा अर्थ सांगणारी चार वाक्यं ठेवा. ती तुमच्या कोडपेक्षा जास्त वाचली जातील.