सैल बोल्ट

बार्सिलोनात समुद्रालगत मोंजुईक नावाची टेकडी आहे. तिथे बागा आहेत, संग्रहालयं आहेत, १९२९ सालचं स्टेडियम आहे. एप्रिल १९७५ मध्ये या टेकडीवर एक विचित्र दृश्य दिसलं. फॉर्म्युला वन संघांचे मेकॅनिक गाड्या सोडून, हातात पाने घेऊन, रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यांचे बोल्ट आवळत होते.

रविवारी तिथे स्पॅनिश ग्रां प्री व्हायची होती. ट्रॅक म्हणजे बागेतले रोजचेच रस्ते, एक फेरी ३.७९ किलोमीटरची. शुक्रवारी ड्रायव्हरांच्या लक्षात आलं की कठडे धड बसवलेलेच नाहीत. त्यांनी गाड्या चालवायला नकार दिला. त्यावर आयोजकांनी कायदेशीर कारवाईची धमकी दिली. गाड्या स्टेडियमच्या आत उभ्या होत्या, त्या जप्त होतील अशी धास्ती पसरली. शेवटी संघांनीच डागडुजी केली आणि ड्रायव्हर गाडीत बसले.

आदल्या वर्षीचा जगज्जेता, ब्राझीलचा एमर्सन फिट्टिपाल्डी मात्र बधला नाही. नियमापुरत्या तीन संथ फेऱ्या मारून त्याने शर्यतीतून अंग काढून घेतलं.

२७ एप्रिलला शर्यत झाली. २६व्या फेरीत सर्वांत पुढे असलेल्या रोल्फ स्टॉमेलेनच्या गाडीची मागची विंग तुटली. वेगातल्या गाडीला रस्त्यावर दाबून धरते ती ही विंग. गाडी एका कठड्यावर आदळली आणि उसळून पलीकडच्या कठड्यावरून माणसांत गेली. पाच जण मेले. स्टॉमेलेन हाडं मोडून वाचला. २९ फेऱ्यांनंतर शर्यत थांबवली आणि सगळ्यांना अर्धे गुण दिले. सहाव्या आलेल्या लेला लोम्बार्डीला त्यातला अर्धा गुण मिळाला. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत गुण मिळवणारी ती आजही एकमेव स्त्री आहे. मोंजुईकला मात्र फॉर्म्युला वन पुन्हा कधी गेली नाही.

हा अपघात सैल बोल्टमुळे झाला, असं मी म्हणत नाही. विंग तुटली म्हणून झाला. पण याच रस्त्यांवर १९६९ मध्ये ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांच्या विंगा एकाच शर्यतीत तुटल्या होत्या. तेव्हा कठड्यांनी गाड्या अडवल्या. म्हणजे इथे काय होऊ शकतं, हे सहा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि स्टॉमेलेनची ती गाडी होती हिलच्याच संघाची.

तरीही मला रस्त्यावरच्या शर्यती आवडतात, हे आधीच कबूल करतो. मोनाकोत १९२९ पासून शर्यत होते. ज्या वळणावरून एरवी बस जाते, तिथून फॉर्म्युला वनची गाडी कठड्याला घासून जाताना पाहिली की वेग म्हणजे काय ते कळतं. मोकळ्या माळरानावरच्या ट्रॅकवर तो कळत नाही. शिवाय त्यासाठी शेकडो एकर जमीन लागत नाही. ग्रेटर नोएडात मुद्दाम ट्रॅक बांधला. फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं आली आणि गेली. अवाढव्य ट्रॅक मागे उरला. रस्त्यावरची शर्यत संपली की रस्ता पुन्हा रस्ता होतो.

पण नेमकी इथेच मेख आहे. कायमचा ट्रॅक एकदा नीट बांधला की दरवेळी त्याची तपासणी आणि दुरुस्ती पुरते. रस्त्यावर सगळं दरवर्षी नव्याने उभं करावं लागतं, आणि तेही शहर चालू ठेवून. मोनाकोसारख्या मुरलेल्या ठिकाणीसुद्धा त्याला साधारण सहा आठवडे लागतात. तिकिटं विकलेली असतात, तारीख हलत नाही, आणि शेवटच्या दोन दिवसांत कुणाला तरी सैल बोल्ट दिसतो. त्या क्षणी ‘नाही’ म्हणायचं कुणी? ज्याचं पोट शर्यतीवर आहे, त्याला ते जमत नाही. मोंजुईकला ते फिट्टिपाल्डीला जमलं, आणि शर्यत त्याच्याशिवाय झाली.

आपल्याकडे हे प्रश्न आता दारात आले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेन सागराकाठी फॉर्म्युला ई झाली. ऑगस्ट २०२४ अखेरीस चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरच्या ट्रॅकवर रात्रीची शर्यत ठरली. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. आंतरराष्ट्रीय संघटनेचं सुरक्षा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय गाड्या सोडायच्या नाहीत, असं न्यायालयाने बजावलं. ३१ ऑगस्टला पाऊस पडला, तपासणी लांबली, मुदत वाढवून घ्यावी लागली, आणि तोवर गाड्या उभ्या राहिल्या.

ताटकळलेले प्रेक्षक वैतागले असतील. मला मात्र त्या दिवसातली ही सर्वांत चांगली गोष्ट वाटते. मोंजुईकला त्या शनिवारी असं थांबवणारं कुणी असतं, तर मेकॅनिकांना पाने घेऊन धावावं लागलं नसतं. तुमच्या शहरात कठडे उभे राहतील तेव्हा तिकीट काढण्याआधी एवढं विचारा: ही शर्यत थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, आणि ती झाली नाही तर त्याचं काही नुकसान होणार आहे का?