आचार्य, आचारी आणि संगणकाची संहिता

आचार्यास दक्षिणा मिळते, आचाऱ्यास मजुरी. या दोन शब्दांत भेद आहे तो केवळ ‘र’च्या रूपाचा. कागदावर तो डोळ्यांना दिसतो. संगणकाच्या पोटात मात्र अक्षरे नसतात, बाइट असतात. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे कोणीतरी आधी नि:संदिग्ध लिहून ठेवावे लागते. व्याख्येच्या कलमातील एका शब्दावर दावे फिरताना पाहिलेल्या आम्हां वकिलांस या लेखनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

१९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संहिता आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना तिने एकच कोष्टक दिले. तोच बाइट देवनागरीत मराठी ‘क’ दिसे आणि लिपीची खूण बदलताच कन्नड ‘क’. बेळगाव-निपाणीच्या बाजारात दोन्ही लिप्यांतील पाट्या वाचत वाढलेल्यांना ही कल्पना परकी वाटू नये. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग दिला. देवनागरीचा ०९०० पासून, कन्नडचा ०सी८० पासून. विभागातील अक्षरक्रम मात्र मुख्यतः इस्कीचाच राहिला.

येथे एक लक्षणीय योग आहे. देवनागरीत ०९३१ या जागी ‘ऱ’ आहे. युनिकोडच्या तक्त्यातील टीप सांगते की, हे अक्षर द्राविडी भाषांतील दन्तमूलीय ‘र’ लिहिण्यासाठी आहे आणि त्याचे अर्धे रूप हाच आपला आडवा रफार. कन्नड विभागात त्याच क्रमाच्या जागी, ०सीबी१ वर, जुन्या कन्नडातील तसेच अक्षर बसले आहे. म्हणजे मराठीची ही खास खूण संगणकात द्राविडी ध्वनीसाठी राखलेल्या आसनावर विराजमान आहे!

नियमही स्पष्ट आहे: ‘ऱ’ला हलन्त जोडून पुढे व्यंजन आले की आडवा रफार. त्या नियमात मराठीचा नावानिशी उल्लेख आहे. परंतु जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी दुसरी वाटही मोकळी ठेवली गेली: साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. परिणाम असा की ‘दऱ्या’ हा शब्द यूटीएफ-८ पद्धतीने पहिल्या वाटेने १५ बाइटांचा होतो, दुसऱ्या वाटेने १८ बाइटांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच. बाइटाला बाइट ताडणाऱ्या शोधाला मात्र ते दोन भिन्न शब्द. नावात आडवा रफार असलेला माणूस यादीत असूनही सापडू नये, ही शक्यता यातूनच उद्भवते.

नियमाला दिलेली सवलतही नियमाइतक्याच ठळकपणे, उदाहरणासह सांगितली गेली पाहिजे, हा यातला धडा. ज्या जुन्या फाँटांनी आपापली खासगी मांडणी वापरली, त्यांतील मजकूर तो फाँट नसेल तर आज वाचताही येत नाही. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे इतकेच: अर्ज, ठराव, याद्या युनिकोडमध्येच लिहा. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ऱ’ मिळतो. त्यापुढे हलन्त, मग ‘य’. आपले शब्द उद्या आपल्याच नातवंडांना शोधता यावेत, यासाठी एवढी शिस्त पुरेशी आहे.