लेण्यांची नावे आणि मोबाईलचा वाटाड्या

पिशोरहून कन्नडमार्गे निघालेला उपासक वेरूळला जाईल की पितळखोऱ्याला, हे आज पुष्कळदा त्याच्या हातातील मोबाईल ठरवितो. गूगलचा नकाशा स्थळांचा क्रम लावताना शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी पाहतो. प्रसिद्धीच्या हिशेबात लोकांनी दिलेले तारे व अभिप्रायही येतात. साहजिकच वेरूळच्या 34 लेण्यांपैकी 16 वे, म्हणजे कैलास, सर्वांच्या पुढे उभे राहते. त्याच्या शिल्पवैभवाविषयी वाद नाही. मात्र तेथूनच माघारी फिरणारे, 1 ते 12 या बौद्ध लेण्यांकडे न वळणारे प्रवासी आम्ही नेहमी पाहतो.

आम्हांस याहून गंभीर वाटतो तो नावांचा प्रश्न. 10 वे लेणे हे चैत्यगृह; स्तूपासमोर भगवान बुद्ध पाय खाली सोडून बसलेले. मोबाईलवर ते 'विश्वकर्मा' किंवा 'सुताराची झोपडी' म्हणून भेटते. 5 वे लेणे भेटते 'महारवाडा' म्हणून. स्थानिक लोक पावसाळ्यात तेथे आसरा घेत, म्हणून हे नाव पडले, एवढेच स्पष्टीकरण एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर उतरविले जाते. कोणते लोक, आणि त्यांना गावात आसरा का नव्हता, हे कोणी विचारीत नाही. ज्याचे आजोबा महारवाड्यात जन्मले, तो तरुण पडद्यावर हा शब्द वाचतो तेव्हा त्याला काय वाटत असेल? 1934 साली बाबासाहेब व त्यांचे सहकारी वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता दौलताबाद किल्ल्याच्या हौदावर त्यांना विटाळाच्या नावाखाली अडविण्यात आले होते, हेही त्या पडद्यावर नसते.

हे नाव पुसून टाकावे, असे आमचे म्हणणे नाही. तोही इतिहासच आहे. परंतु तो सांगावा, आणि त्याबरोबर त्या लांबलचक दालनातील दोन ठेंगण्या दगडी बाकांच्या ओळीही दाखवाव्यात. भिक्षुसंघ तेथे भोजनास बसे की पठणास, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. संघ एकत्र बसत होता, हे मात्र त्या बाकांवरून उघड दिसते.

पितळखोऱ्याची गोष्ट निराळी. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासूनच्या या लेण्यांत दात्यांनी आपली नावे स्वतःच कोरवून ठेविली आहेत. पतिठान म्हणजे आजचे पैठण. तेथील गन्धिक कुळातील, अर्थात सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातील मितदेव हा एक दाता. मगिल हा राजवैद्य दुसरा. लेखातील 'राजवेज' शब्दातील 'वेज' म्हणजे पालीतील 'वेज्ज'; जोडाक्षर एकेरी लिहिण्याची ही त्या काळच्या कोरक्यांची रीतच होती. मगिलाचा पुत्र दतक आणि कन्या दता यांचीही दाने नोंदलेली आहेत. बापाच्या बरोबरीने मुलीचे नाव दगडावर यावे, ही गोष्ट आमच्या उपासिकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मोबाईलवर मात्र पितळखोऱ्याखाली धबधबा, हिरवळ आणि पायऱ्यांची संख्या यांचीच चर्चा अधिक.

नकाशावर छायाचित्र आणि माहिती जोडण्याची सोय कोणालाही आहे. पाली जाणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी लेण्यांत जाऊन दात्यांच्या लेखांचे अर्थासह वाचन तेथे नोंदवावे. एक नाव मात्र त्यांना पितळखोऱ्यात सापडणार नाही. तेथे मिळालेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडविला, असा लेख त्या यक्षाच्या हातावर आहे.