किंग हेन्री रोडचा सातबारा

लंडनला गेलेली आपली माणसं किंग हेन्री रोडवर दहा नंबरच्या घरापुढं हात जोडतात. १९२१-२२ ला बाबासाहेब तिथं राह्यले. मला मात्र त्या मातीचा सातबारा हवा होता.

मूळ जमीन सेंट जेम्सच्या कुष्ठरोगी बायांच्या दवाखान्याची. गावकुसाबाहेरच्यांचीच म्हणा ना! १४४९ ला राजा सहाव्या हेन्रीनं तो दवाखाना जमिनीसकट स्वतःच काढलेल्या ईटनच्या शाळेला देऊन टाकला. पुढं दवाखान्याच्या जागी आठव्या हेन्रीनं राजवाडा उठवला, मॅरीलेबोनचं रान शिकारीला घेतलं. ईटननं १८२६ नंतर प्लॉट पाडले. रस्त्याला नाव दानशूर राजाचं. बायांचं कुठंच नाही.

२०१८ ला कॅमडेन कौन्सिलनं बाबासाहेबांच्या घरातल्या संग्रहालयाला परवानगी नाकारली. राहती जागा कमी होते म्हणे! २०२० ला अपिलात ती मिळाली.