मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचं अंतर किती आणि वेळ किती लागतो?

मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ, हवाई अंतर साधारण 12,530 किलोमीटर. थेट विमानाला जाताना 15 ते 16 तास लागतात. तुम्ही फक्त आकडे शोधत आला असाल तर काम झालं. पण या दोन आकड्यांच्या मधे मी स्वतः चांगलाच आपटलोय, ते सांगतो.

एका मे महिन्यात आई पहिल्यांदाच एकटी ताईकडे निघाली. विमान रात्री 1 वाजता. आता घरात इंजिनिअर असताना तिकिटावरची वेळ कोण बघतो? मी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि ताईला मेसेज टाकला, "पहाटे 4:25 ला पोचेल."

अंतर मी बरोबर काढलं होतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर धरायची आणि हॅवरसाइन सूत्रात टाकायचं. यातून गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता मिळतो. गंमत म्हणजे हा रस्ता अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला जात नाही. तो तुर्कमेनिस्तान, मॉस्कोचा परिसर, स्कँडिनेव्हिया करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. सपाट नकाशावर हे उगाच घातलेलं वळण वाटतं, कारण तो नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, लगेच पटेल.

गोंधळ पुढे झाला. मी 12,530 ला ताशी 900 ने भागलं. 13 तास 55 मिनिटं! पण विमान कायम त्या वेगाने जात नाही. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यात वेळ जातो. त्यात 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे जोरदार वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते बहुतेक वेळा समोरून येतात, म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासाने लवकर होतो. शिवाय आकाशालाही हद्दी असतात. 2022 मध्ये रशियाने अमेरिकी आणि बऱ्याच युरोपीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंद केली. मग वळसा आलाच.

दुसरी चूक तर अजूनच लाजिरवाणी. दोन शहरांच्या वेळेतला फरक मी कोडमध्ये साडेदहा तास असा थेट लिहून ठेवला होता. तो हिवाळ्यातला. मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

दोन्ही चुका एकाच दिशेला गेल्या. ताई बाळाला घेऊन पहाटे विमानतळावर उभी, आईचा फोन लागत नाही, इकडे बाबा दर पाच मिनिटांनी मला विचारतायत. शेवटी ताईनेच फ्लाइट नंबर ट्रॅकरवर टाकला. विमान अजून समुद्रावरच होतं! उतरलं 7:15 ला. तिकिटावर हीच वेळ छापलेली होती.

तुम्ही असलं काही बनवत असाल तर फरकाचा आकडा लिहू नका, 'अमेरिका/न्यूयॉर्क' असं टाइमझोनचं नाव द्या. घड्याळाचा बदल लायब्ररी सांभाळते. आणि कुणाला घ्यायला जायचं असेल तर तिकिटावरची उतरण्याची वेळ तिथलीच स्थानिक असते, तीच धरा. निघायच्या आधी फ्लाइटरडार24 वर त्याच नंबरचं विमान गेल्या चार-पाच दिवसांत किती वाजता उतरलं ते बघा. ताई आता मला न विचारता तेवढंच करते.