एका यंत्रांत दोन संसार

२००५ च्या सुमारास उल्हासनगरच्या दुसऱ्या कॅम्पांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा योग आला. घरांत संगणक एकच. त्याच्या विंडोजमध्यें वडिलांच्या कापडदुकानाचे हिशोब, आणि त्याच हार्ड डिस्कवर चिरंजिवांस लिनक्स शिकावयाचें होतें. "प्रोफेसरसाहेब, हिशोब गेले तर?" वडिलांनीं विचारलें. प्रश्न रास्त होता.

हें गांव मूळचें लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधील निर्वासित येऊन राहिले, व १९४९ सालीं तिचें नांव उल्हासनगर झालें. आजीनें सिंधी अरबी वळणाच्या लिपींत वाचावी व नातीनें देवनागरींत, हें येथें नवलाचें नाहीं. मग एका यंत्रांत दोन प्रणाली नांदविण्याचेंच काय?

वडिलांच्या धास्तीचा इतिहास मात्र लिनक्सइतकाच जुना आहे. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यानें १९९१ च्या जानेवारींत ३८६ जातीचें यंत्र घेतलें व त्यावर प्राध्यापक टॅनेनबाम यांनीं विद्यार्थ्यांसाठीं रचलेली मिनिक्स प्रणाली बसविली. तिच्याच आश्रयानें त्याची नवी प्रणाली वाढली. पुढें एके दिवशीं मोडेमला द्यावयाची आज्ञा चुकून डिस्कला दिली गेली आणि मिनिक्सचा भाग बिघडला. तो पुन्हां उभा न करतां टॉरव्हाल्ड्स लिनक्समध्येंच राहिला. असला अपघात हेलसिंकींत फळास आला. कापडाच्या दुकानदारास तो परवडणारा नव्हे.

त्या वेळचें यंत्र सुरू होतांच डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाची. त्यांतच डिस्कच्या वाटण्यांची नोंद, आणि कोणती प्रणाली उठवावी हें ठरविणारा द्वारपाल. विंडोज मागाहून बसविली कीं ती जुन्या द्वारपालास हांकलून आपला नेमी. म्हणून विंडोज आधीं व लिनक्स नंतर, हा क्रम. आमच्या विद्यार्थ्यानें तो पाळला. हिशोबांच्या दोन सीडी काढल्या, पैकीं एक वडिलांच्या तिजोरींत गेली, आणि मगच त्यानें वाटणीस हात घातला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेदहाला वडिलांनीं विंडोज उघडली. हिशोब जागच्या जागीं होते, परंतु घड्याळांत पांच वाजले होते! लिनक्स यंत्राचें घड्याळ जागतिक वेळेवर ठेवी, विंडोज तेंच स्थानिक समजे. भारतांत हा फरक साडेपांच तासांचा. पहांटे पांचला कापड कोण घेतें, असें त्यांनीं मुलास विचारलें. मुलानें लिनक्सला स्थानिक वेळ पाळावयास सांगितली, आणि मग बिलें दुकानाच्या वेळेस निघूं लागलीं.